जांभ्याची भिंत फोनमध्ये उभी करताना

राजापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांना आपलं होमस्टेचं जुनं घर पाहुण्यांना फोनवर फिरून दाखवायचं होतं. व्हिडिओ नको. पाहुण्याने बोट फिरवावं आणि पडवीतून माजघरात स्वतःच जावं, अशी त्यांची कल्पना. काम माझ्याकडे आलं. चार दिवसांत मी घर उभं केलं, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या, भिंतीचा एक झकास फोटो काढून चारही भिंतींना लावला आणि अण्णांना दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील, आयुष्यभर चिऱ्याची बांधकामं केलेले. त्यांनी फोन नाकाशी धरला, दोनदा तिरका केला आणि म्हणाले, "अगो, भिंतीला कागद चिकटवलायस."

अगदी बरोबर. टेक्स्चर मॅपिंग म्हणजे मुळात तेच, सपाट पृष्ठभागावर चित्र चिकटवणं. एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात हे पहिल्यांदा करून दाखवलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत निघालेल्या बहुतेक युक्त्या चिकटवलेला कागद कागद वाटू नये यासाठीच आहेत. त्यातल्या कुठल्या युक्त्या या भिंतीला लागल्या, कुठल्या लावल्या आणि काढून टाकल्या, ते इथे सांगते. मी त्रिमितीय आकार घडवायला ब्लेंडर आणि ते फोनवर चालवायला गोडो हे इंजिन वापरते. तुमचं इंजिन वेगळं असेल तर बटणांची नावं बदलतील, बाकी सगळं तसंच.

आधी अंतर ठरवा

नवीन मुलं विचारतात, "टेक्स्चर टू के घेऊ की फोर के?" म्हणजे चित्र २०४८ पिक्सेलचं की ४०९६ चं. हा प्रश्नच उलटा आहे. बघणाऱ्याचा डोळा भिंतीच्या किती जवळ येणार, ते आधी विचारा.

माझ्या घरात पाहुणा भिंतीपासून एक मीटरच्या आत येऊ शकत नाही, तशी अदृश्य अडचण मीच घातली आहे. फोन आडवा धरला की पडद्याची उंची १०८० पिक्सेल. कॅमेऱ्याचा उभा कोन ६० अंश. म्हणजे एक मीटरवरून भिंतीचा साधारण १.१५ मीटर उंचीचा भाग पडद्यावर मावतो आणि भिंतीच्या एका मीटरला ९३५ च्या आसपास पिक्सेल मिळतात. टेक्स्चरमध्ये एका मीटरला १०२४ टेक्सेल, म्हणजे टेक्स्चरचे पिक्सेल, असले की झालं. त्याहून जास्त भरलं तर ते कुणाला दिसणार नाही, फोन मात्र तापेल.

आता चिरा मोजू. या भिंतीत चिऱ्याचा दर्शनी भाग ३८ सेंटिमीटर लांब आणि १८ उंच आहे. चुन्याचा सांधा धरला की ४० आणि २०. दोन मीटरच्या चौकोनात आडवे पाच चिरे आणि उभे दहा थर बसतात. दहा ही समसंख्या महत्त्वाची, कारण एका थराआड सांधा अर्ध्या चिऱ्याने सरकलेला असतो. थर नऊ किंवा अकरा घेतले तर चौकोनावर चौकोन रचताना दोन थरांचे सांधे एकावर एक येतील, आणि ते चिऱ्यातलं काही न कळणाऱ्यालाही खटकतं. दोन मीटरला २०४८ टेक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला दहा. जांभ्यातलं अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाच टेक्सेलचं झालं. हा पाचचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटो

ऊन नको. उन्हात काढलेल्या फोटोत प्रत्येक भोकाची सावली छापली जाते आणि नंतर इंजिनमधला सूर्य दुसऱ्या बाजूला असला की भिंतीवर दोन सूर्य दिसतात. पावसाळ्यात ढगाळ उजेड छान असतो, पण चिरा पाणी पितो आणि ओला चिरा गडद होतो, त्यामुळे पावसाळाही बाद. मी डिसेंबरात उत्तरेकडची भिंत गाठली. त्या दिवसांत आपल्याकडे तिच्यावर दिवसभर थेट ऊन येत नाही.

तरीही पहिले फोटो भलतेच तांबडे आले. अर्धा दिवस कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बदलत बसले. मग लक्षात आलं की अंगणातली तांबडी माती खालून भिंतीवर तांबूस उजेड फेकते आहे, खालचे चार थर वरच्यांपेक्षा लाल. घरातून दोन पांढऱ्या चादरी मागून घेतल्या, भिंतीच्या पायाशी अंथरल्या आणि प्रश्न सुटला. घरच्या काकूंनी चादरी परत धुवायला टाकल्या, त्याचं माझ्याकडे आजही उत्तर नाही.

एकूण ८६ फोटो काढले. भिंतीला समांतर चालत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे. एका कडेला मोजपट्टी टांगलेली. एवढे फोटो कशाला? तर मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून भिंतीचा खरा त्रिमितीय पृष्ठभाग काढता यावा म्हणून. एका फोटोतून काम भागवायचा मोह मलाही झाला होता. एका फोटोतून खोली काढून देणारी साधनं बहुधा एकच गृहीत धरतात, की जे काळं ते खोल आणि जे उजळ ते वर. जांभ्याच्या बाबतीत हे सपशेल खोटं ठरतं. जांभ्याच्या भोकांमध्ये पुष्कळदा पिवळट, फिकी माती भरलेली असते, आणि वरचा कठीण, लोहाचा भाग गडद तपकिरी असतो. म्हणजे खोल ते उजळ आणि वर ते काळं. त्या साधनाने माझ्या भिंतीवर भोकांच्या जागी फोड उठवले होते. वर शेवाळाचा काळा डाग पडला तिथे खड्डा.

दगड जांभा नसेल, एकरंगी घडीव काळा बसाल्ट असेल, तर ती सोपी पद्धत बऱ्यापैकी चालते. आपला दगड ओळखून ठरवा.

बेक करणे आणि चौकोन जुळवणे

मेशरूममधून आलेला पृष्ठभाग लाखो त्रिकोणांचा असतो, तो फोनवर नेण्यात अर्थ नाही. ब्लेंडरमध्ये त्याच्यासमोर दोन मीटरचा साधा सपाट चौकोन ठेवायचा आणि तपशील चौकोनावर बेक करायचा, म्हणजे चित्रात उतरवायचा. रंग, नॉर्मल (पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते) आणि उंची असे तीन नकाशे काढायचे. उंचीसाठी ब्लेंडरच्या सायकल्स या चित्र काढणाऱ्या भागात थेट बटण नाही. मी पृष्ठभागाची खोली शून्य ते एकमध्ये बसवून ती एमिशनला (पृष्ठभागाच्या स्वतःच्या उजेडाला) जोडते आणि एमिट प्रकाराने बेक करते. सर्वांत वरचा दगड म्हणजे एक, सर्वांत खोल जागा म्हणजे शून्य. माझ्या भिंतीत हा फरक दोन सेंटिमीटरचा निघाला. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर शेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, खोलीची पट्टी अंदाजाने सरकवत बसाल.

बेक करताना उंची ३२ बिटची ठेवा. शेवटी फोनवर ८ बिटच जाणार आहे, आणि २० मिलिमीटरचे २५६ भाग म्हणजे एक पायरी ०.०८ मिलिमीटरची, खोली दाखवायला ती भरपूर झाली. पण त्या ८ बिटच्या उंचीवरून नॉर्मल मॅप काढू नका. एक टेक्सेल साधारण एक मिलिमीटरचा, त्यात सर्वांत लहान चढ ०.०८ मिलिमीटरचा. म्हणजे उतार शून्यावरून एकदम साडेचार अंशांवर उडी मारतो. गुळगुळीत चुन्याच्या सांध्यावर डोंगरउतारावरच्या शेतांसारख्या पायऱ्या दिसतात. आधी नॉर्मल काढा, मग उंचीचे बिट कमी करा.

चौकोनाच्या कडा एकमेकींना जुळवणं हे हाताचं काम. चित्र अर्ध्याने सरकवायचं, मधे आलेली फूट क्लोन ब्रशने बुजवायची, आणि तिन्ही नकाशांवर अगदी त्याच जागी. त्याहून अवघड म्हणजे नजरेत भरणारे डाग काढणं. माझ्या चौकोनात एका चिऱ्यावर चुन्याचा पांढरा ओघळ होता, मला फार आवडलेला. भिंत सव्वासात मीटर लांब, त्यामुळे तो ओघळ एका रांगेत चार वेळा दिसला आणि सगळी भिंत छापील साडीसारखी झाली. आवडलेली गोष्ट आधी काढा. ओघळ, शेवाळ, खिळ्यांची भोकं हे सगळं नंतर वेगळ्या डेकलने, म्हणजे वरून लावायच्या छोट्या चित्राने, हवं तिथे एकेकदाच लावता येतं. शिवाय पूर्ण भिंतीवर एकदाच पसरणारा, २५६ टेक्सेलचा एक अंधुक डागांचा नकाशा घ्या आणि रंगाला त्याने हलकंसं गुणा. खर्च नगण्य, आणि एकसारखेपणा बराच मोडतो.

नॉर्मल मॅप, आणि मी केलेल्या दोन चुका

पृष्ठभाग जागचा हलवायचा नाही, फक्त तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे प्रकाशाला खोटं सांगायचं, ही कल्पना जिम ब्लिन यांची, १९७८ सालची. नॉर्मल मॅप हे त्याचंच आजचं रूप. प्रत्येक टेक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांत दिशेचे तीन घटक भरलेले असतात. सरळ बाहेर बघणारा टेक्सेल म्हणजे १२८, १२८, २५५. म्हणून नॉर्मल मॅप नेहमी जांभळट निळा दिसतो.

पहिली चूक हिरव्या चॅनेलची. काही सॉफ्टवेअर हिरवा वरच्या दिशेने मोजतात, काही खालच्या. ब्लेंडर आणि गोडो दोघंही वरच्या दिशेने, म्हणजे ओपन-जीएलच्या पद्धतीने. अनरिअल खालच्या, डायरेक्ट-एक्सच्या पद्धतीने. मी चुन्याच्या गिलाव्याचं एक तयार टेक्स्चर उतरवून घेतलं होतं, ते दुसऱ्या पद्धतीचं निघालं. गंमत अशी की आडवा उजेड असताना काहीच कळत नाही, वरून प्रकाश पडला की घोटाळा उघड होतो. तपासायची सोपी रीत: दिवा वर ठेवा. भोक असेल तर त्याची वरची कड काळी आणि खालची उजळ दिसली पाहिजे. उलटं दिसलं की तो फोड आहे. हिरवा चॅनेल उलटा करा.

दुसरी चूक महागात पडली, दीड दिवस गेला. भिंतीवर उजेड कुठूनही टाकला तरी ती एका कोपऱ्याकडे कललेली असल्यासारखी उजळायची. मी दिवे तपासले, यूव्ही (चित्राचा कुठला भाग भिंतीवर कुठे बसतो ते आकडे) तपासले, भिंत पुन्हा बांधली. कारण क्षुल्लक होतं. स्वतः लिहिलेल्या शेडरमध्ये नॉर्मल मॅपलाही मी रंगाच्या चित्रासारखंच एसआरजीबी म्हणून वाचत होते. रंगाचं चित्र डोळ्यांसाठी वाकवलेलं असतं, इंजिन ते सरळ करून घेतं. त्या हिशेबात मधला १२८ म्हणजे ०.५ न राहता ०.२१ होतो. दिशेत त्याचा अर्थ शून्याऐवजी उणे ०.५७. आडव्या आणि उभ्या दोन्ही घटकांत तेवढी चूक, म्हणजे अगदी सपाट जागाही जवळजवळ ४० अंशांनी तिरकी. तेव्हापासून माझा नियम असा: डोळ्याने रंग म्हणून बघायचं ते एकच चित्र एसआरजीबी. नॉर्मल, रफनेस (खडबडीतपणा), उंची, हे आकडे आहेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

सपाट भिंतीला टँजेंटचा, म्हणजे नॉर्मल मॅपमधलं आडवं-उभं पृष्ठभागावर कुठल्या दिशेला धरायचं याचा, फारसा त्रास नसतो. पण तुळशीवृंदावनासारखं वळणाचं काही बेक करणार असाल, तर बेक करणारं सॉफ्टवेअर आणि इंजिन दोघंही मिक-टी-स्पेस वापरतात ना, एवढं बघा. मॉर्टन मिकेलसन यांचा हा हिशेब आता बहुतेक ठिकाणी चालतो. तो जुळला नाही तर यूव्हीच्या शिवणींवर रेघा दिसतात.

जांभा धातू नाही, त्यामुळे मेटॅलिकचा (धातूपणाचा) चॅनेल मोकळा राहतो. मी एकाच चित्रात लालमध्ये ॲम्बियंट ऑक्लुजन (भोकांत, सांध्यांत पसरट उजेड किती अडतो ते), हिरव्यात रफनेस आणि निळ्यात उंची भरते. तीनाऐवजी एकच चित्र वाचावं लागतं. ऑक्लुजन मात्र रंगात मिसळून टाकू नका. तो आभाळाच्या पसरट उजेडापुरता असतो. थेट उन्हातही भोकं काळी राहिली तर भिंत कळकट दिसते.

कागद सोलवटतो तो पॅरॅलॅक्सने

नॉर्मल मॅप लावून अण्णांना पुन्हा दाखवलं. उजेड फिरवला की भोकं छान उमटत होती. पण अण्णा भिंतीलगत चालत गेले, फोनमध्येच, आणि म्हणाले, "सांधा आत असला की बाजूने दिसत नाही. हा दिसतो." नॉर्मल मॅपने प्रकाश फसतो, डोळ्याची जागा बदलली की तो काहीच करत नाही. कडेने बघताना पुढचा दगड मागच्या सांध्याला झाकतो, ते करायला पॅरॅलॅक्स लागतो. कानेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याची सर्वांत साधी रीत मांडली.

ती रीत अशी. डोळ्याकडून येणारी रेघ भिंतीच्या स्वतःच्या मापात आणायची. त्या रेघेचा भिंतीलगतचा भाग भागिले भिंतीला लंब असलेला भाग. याला त्या जागच्या खोलीने गुणायचं आणि यूव्ही तेवढा सरकवून मगच रंग आणि नॉर्मल वाचायचे. खोलीचा आकडा अंदाजाने घेऊ नका: दोन सेंटिमीटर भागिले चौकोनाचे दोन मीटर, म्हणजे ०.०१. बस. लोक ०.०५ किंवा ०.१ घालतात, मग दगड जेलीसारखे हलतात आणि दोष पॅरॅलॅक्सला देतात. आणखी एक, दगडाचा वरचा पृष्ठभाग हीच मूळ पातळी धरा आणि सगळं आतच जाऊ द्या. भिंतीच्या बाहेर काही फुगवायला गेलात की खिडकीच्या चौकटीपाशी पकडले जाल.

एका उडीची ही रीत समोरून बघताना पुरते. तिरकं बघितलं की फाटते, कारण ज्या जागची खोली वाचली त्या जागी रेघ मुळात पोचतच नाही. त्यावर उपाय म्हणजे रेघेवर पावलापावलाने आत जायचं आणि प्रत्येक पावलाला विचारायचं, मी दगडाच्या आत शिरले का? शिरले की थांबायचं, शेवटच्या दोन पावलांच्या मधली नेमकी जागा प्रमाणाने काढायची. याला पॅरॅलॅक्स ऑक्लुजन म्हणतात. गोडोच्या तयार मटेरिअलमध्ये डीप पॅरॅलॅक्स नावाची खूण केली की हेच होतं. तिथे पावलं कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ३२ अशी आधीच भरलेली असतात.

८ का ३२ हे तुमची भोकं ठरवतात. भिंतीकडे लंबापासून ७० अंश तिरकं बघत असाल, तर दोन सेंटिमीटर खोल जाताना रेघ भिंतीलगत साडेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे सुमारे ५६ टेक्सेल. आठ पावलांत एक पाऊल सात टेक्सेलचं. आणि आपलं भोक पाचचं! पाऊल भोकावरून उडी मारून जातं, कधी सापडतं, कधी नाही. फोन हलवला की भोकं लुकलुकतात आणि सांध्यांच्या कडा जिन्यासारख्या दिसतात. ३२ पावलांत एक पाऊल पावणेदोन टेक्सेलचं, तिथे भोक निसटत नाही. म्हणून पावलं कोनावर ठेवा: समोरून ८, तिरकं होत जाईल तशी ३२ पर्यंत.

पण स्वस्तातल्या फोनवर प्रत्येक पिक्सेलला ३२ वेळा टेक्स्चर वाचणं म्हणजे खिशात निखारा ठेवणं. इथे अंतर पुन्हा कामाला येतं. सहा मीटरवरून भिंतीच्या एका मीटरला पडद्याचे १५६ पिक्सेल मिळतात. अर्ध्या सेंटिमीटरचं भोक एका पिक्सेलपेक्षाही लहान झालं, ते आत गेलंय की बाहेर, कोण बघणार? मी तीन मीटरपासून खोली हळूहळू कमी करत जाते आणि पाच मीटरला शून्य. खोली शून्य झाली की पावलांचा सगळा वळसा टाळायचा. एकदम बंद करू नका, एकदम बंद केलं तर भिंत उचकी लागल्यासारखी हलते.

शेडर स्वतः लिहीत असाल तर पावलांच्या आवर्तनात टेक्स्चर नेहमीच्या पद्धतीने वाचू नका. किती लहान मिपमॅप (चित्राची आधीच केलेली लहान प्रत, पुढे सांगते) घ्यायचा हे जीपीयू, म्हणजे फोनमधली चित्रं काढणारी चिप, शेजारच्या पिक्सेलशी तुलना करून ठरवतो, आणि आवर्तनात शेजारी कधीच बाहेर पडलेला असू शकतो. मग दगडांच्या कडांवर पांढरे ठिपके आणि रेघा उमटतात. पातळी आवर्तनाच्या आधीच काढून ठेवा आणि आत तीच सांगून वाचा.

दगडाची सावली भोकात पाडण्यासाठी प्रकाशाच्या दिशेनेही अशीच पावलं टाकता येतात. मी करून बघितलं, सुंदर दिसलं, काढून टाकलं. पडवीला तसंही थेट ऊन कमीच मिळतं.

लांबून बघताना

घरापासून वीस मीटरवर, आगरातून बघितलं तर भिंत वाळूसारखी झगमगायची. मिपमॅप बंद राहिले होते. मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती आधीच करून ठेवायच्या आणि लांबून बघताना लहान प्रत वाचायची. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही गोष्ट. "मिप" म्हणजे थोडक्यात पुष्कळ, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. सगळ्या प्रती मिळून जागा फक्त एक तृतीयांशाने वाढते. बंद ठेवायला काही कारणच नाही.

मिपमॅप सुरू केले आणि नवीनच गंमत झाली. लांबून भिंत ओली दिसायला लागली. कारण असं की नॉर्मलची लहान प्रत करताना शेजारच्या दिशांची सरासरी होते. भोकाच्या एका काठाची दिशा वर, दुसऱ्याची खाली, सरासरी सरळ बाहेर. खडबडीत भिंत हिशेबात गुळगुळीत झाली, आणि गुळगुळीत म्हटल्यावर चमकली. पण सरासरी करताना एक खूण मागे राहते: दिशा एकमेकींपासून जितक्या फाकलेल्या, तितकी सरासरीची लांबी एकापेक्षा कमी. मायकेल टॉक्सविग यांनी हीच लांबी वापरून चमक पसरवायची रीत दिली. मी ते फोनवर करत नाही. चित्रं तयार करतानाच प्रत्येक लहान प्रतीच्या रफनेसमध्ये ती वाढ मिसळून ठेवते, फोनला काही कळतही नाही.

पडवीतून लांबवर तिरकी जाणारी भिंत धूसर दिसते, त्यासाठी ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग चार पट ठेवलं. सोळा पटीने मला फरक दिसला नाही, बॅटरीला दिसला.

वजन

२०४८ चं एक चित्र विनादाब १६ एमबी, मिपमॅपसकट २१. तीन चित्रं म्हणजे ६४ एमबी, एका भिंतीच्या दगडासाठी! फोनवर एएसटीसी ही टेक्स्चर दाबून लहान करायची पद्धत वापरा. त्यात प्रत्येक ठोकळा १६ बाइटचाच असतो, त्यात किती टेक्सेल कोंबायचे ते तुम्ही ठरवता. रंगाला ६ गुणिले ६ पुरतं, अडीच एमबीच्या आत. नॉर्मल आणि उंचीवाल्या चित्राला मी ४ गुणिले ४ च देते, प्रत्येकी सव्वापाच. नॉर्मलमध्ये दोनच घटक साठवा, तिसरा शेडरमध्ये काढता येतो. उंचीवर जास्त दाब दिला की पॅरॅलॅक्समध्ये ठोकळ्यांच्या कडा थेट पायऱ्या बनून दिसतात. रंगात जे खपतं ते उंचीत खपत नाही. एकूण तेरा एमबी.

बाकीचं घर पटकन झालं. कौलांना कुठलाच मॅप वाचवू शकत नाही, कारण आभाळापुढे त्यांची नक्षीदार कड दिसते. तिथे खरी कौलंच मांडली, एक कौल शेकडो वेळा. सारवलेल्या जमिनीला खोली जवळजवळ नाही. तिची सगळी गंमत हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांत आहे, आणि ते फटकारे रंगापेक्षा रफनेसमध्ये घातले की दारातून उजेड आत आल्यावरच दिसतात. खऱ्या जमिनीवरही तसेच दिसतात.

कोपरा

शेवटी राहिला कोपरा. पॅरॅलॅक्स काहीही करो, भिंत जिथे संपते तिथली कड पट्टीने आखल्यासारखी सरळच राहते, कारण भूमिती सपाटच आहे. मला वाटलं, कड थोडी खडबडीत केली की भागेल. अण्णांना दाखवलं. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा पाव चिरा कुणी लावला? आणि हा वळताना कुठे गेला?"

सव्वासात मीटरच्या भिंतीला ४० सेंटिमीटरचा चिरा पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक कोपऱ्यावर दगडाची चिंचोळी फोड उरत होती. आणि समोरच्या भिंतीवरच्या थराचा शेजारच्या भिंतीवरच्या थराशी काहीच संबंध नव्हता. खऱ्या कोपऱ्यात एका थराला चिऱ्याची लांब बाजू इकडे आणि आखूड बाजू तिकडे, पुढच्या थराला उलट. त्याशिवाय भिंती एकमेकींत गुंततच नाहीत.

म्हणून टेक्स्चर कोपऱ्यापर्यंत नेलंच नाही. कोपऱ्याचे चिरे खरे केले: दहा थरांचा एक खांब, प्रत्येक चिरा दीडएकशे त्रिकोणांचा, कडा थोड्या झिजलेल्या, रंग त्याच चौकोनातून घेतलेला. तो खांब चारही कोपऱ्यांवर उभा केला, प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवून. सपाट भिंत खांबाच्या कडेपासून सुरू होते, तिथे यूव्ही एका चिऱ्याच्या सांध्यावर नेमका बसवलेला. मधली उरलेली लांबी चिऱ्यांच्या पटीत बसावी म्हणून टेक्स्चर दीड टक्क्याने ताणलं. एका चिऱ्यामागे ते सहा मिलिमीटर होतात.

अण्णांनी एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चिरे मोजले. मग त्या सहा मिलिमीटरांबद्दल विचारलं.